रुळांची नाडीपरीक्षा

रेल्वेचा विषय निघाला की बोलणे होते ते गाडीचे : ती किती वेगाने धावते, वेळेवर येते की नाही, तिला आपल्या स्थानकावर थांबा आहे की नाही. ज्या रुळांवरून ती धावते त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः गाडीचा वेग आणि प्रवाशांचे प्राण या दोन्ही गोष्टी ज्यावर अवलंबून असतात तो लोहमार्गच होय. त्याची प्रकृती पाहण्यासाठी जगभर खास गाड्या योजण्यात आल्या आहेत. या गाड्या प्रवासी वाहत नाहीत, माल वाहत नाहीत. त्या रुळांवरून धावत रुळांचीच परीक्षा घेतात. त्यांचे कार्य कसे चालते, त्या काय पाहू शकतात आणि काय पाहू शकत नाहीत, याचा परिचय रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा मार्गाच्या संदर्भात करून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

पेण, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा ही या मार्गावरील पाच स्थानके. दिवा-पनवेल मार्ग १९६६ मध्ये आपट्यापर्यंत आला आणि पुढे रोह्यापर्यंत गाडी पोहोचण्यास १९८६ साल उजाडावे लागले. त्यानंतर कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रोहा येथे पायाभरणी झाली आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा; तेथून पुढे कोकण रेल्वेचा. पेणहून एक मालवाहू फाटा थळच्या खत कारखान्याकडे जातो. म्हणजे एकेकाळी रेल्वेचे शेवटचे टोक असलेल्या या भागातून आज मुंबई, गोवा, कर्नाटक व केरळ यांना जोडणाऱ्या गाड्या अहोरात्र धावतात. २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत ही गाडीही याच मार्गाने जाते.

या मार्गाने दुःखही पाहिले आहे. दिनांक ४ मे २०१४ रोजी सकाळी दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान निडी गावाजवळ रुळांवरून घसरली. सुमारे वीस प्रवाशांना प्राणास मुकावे लागले आणि शंभराहून अधिक जखमी झाले. आसपासचे ग्रामस्थ सर्वप्रथम मदतीस धावले होते. रुळांच्या तपासणीचा विषय केवळ अभियंत्यांचा नाही, हे या परिसरातील लोकांना वेगळे सांगावयास नको.

रूळ स्थिर नसतो

लोखंडाचे रूळ एकदा टाकले की ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. लोहमार्ग ही थरांची रचना आहे. तळाशी मातीचा भराव किंवा खोदलेली जमीन, तिच्यावर खडीचा थर, खडीत बसविलेले काँक्रीटचे स्लीपर आणि स्लीपरांवर पोलादी चिमट्यांनी घट्ट धरलेले रूळ, असा हा क्रम आहे. यांपैकी खडी कोणत्याही गोष्टीने जोडलेली नसते. प्रत्येक गाडीच्या भाराने ती किंचित दबते, सरकते व झिजते. पावसाचे पाणी साचले तर खालची माती मऊ होते आणि चिखल खडीत वर येतो. पेण तालुक्याचा खाडीकाठचा भाग सखल व खारभूमीचा आहे. नागोठण्याजवळ अंबा नदी आणि रोह्याजवळ कुंडलिका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या अशा प्रदेशात पाण्याचा निचरा हा लोहमार्गाच्या आयुष्याचा कळीचा प्रश्न ठरतो.

उष्णतेचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. एक मीटर लांबीचे पोलाद तापमानात एका अंशाची वाढ झाल्यास ०.०११५ मिलिमीटरने वाढते. ही संख्या क्षुल्लक वाटेल. परंतु एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ ३० अंशांनी तापला तर तो ३४.५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर आणि त्याच्या निम्म्याइतका वाढेल. पूर्वी रुळांच्या जोडांत फट ठेवीत असत ती यासाठीच, आणि गाडीचा तो परिचित खडखडाटही त्या फटींचाच होता. आता रूळ एकमेकांस वितळजोड देऊन लांबच लांब केले जातात. त्यामुळे प्रवास सुखाचा झाला. पण रुळाला वाढण्यास जागा उरली नाही. स्लीपर व खडी यांनी जखडलेल्या रुळात मग प्रचंड दाब साठतो. दर मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात ३० अंशांच्या वाढीने निर्माण होणारे बल ५० टनांहून अधिक भरते. उन्हाळ्याच्या भर दुपारी खडी कमी पडली असेल तर मार्ग बाजूला वाकण्याचा धोका असतो, आणि हिवाळ्यातील थंड पहाटे तोच रूळ आकसू पाहत असल्याने बारीकशी चीर असलेल्या जागी तो तुटण्याचा धोका असतो. डोळ्यांना निश्चल दिसणारा रूळ असा सतत ताण सोशीत असतो.

वेग वाढला की दोष मोठा होतो

एकच खड्डा बैलगाडीला जाणवतही नाही आणि मोटारीला उलथवून टाकतो. लोहमार्गाचेही तसेच आहे. वळणावर गाडीस बाहेर फेकू पाहणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर हे बल चौपट होते. ताशी ८० किलोमीटरऐवजी ताशी ३२० किलोमीटर वेगाने जावयाचे असेल तर तेच वळण सोळापट बल निर्माण करील. म्हणूनच अतिवेगवान मार्गांवर वळणे अतिशय विशाल ठेवावी लागतात आणि काही मिलिमीटरांचा फरकसुद्धा दोष मानला जातो.

नव्याने बांधलेल्या ज्या मार्गांवर ताशी २५० किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाने गाड्या धावतात त्यांना सामान्यतः अतिवेगवान मार्ग म्हणतात. पेण-रोहा मार्ग या वर्गात मोडत नाही. तथापि कोकण रेल्वेची आखणी ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून करण्यात आली होती. प्रत्यक्ष मर्यादा त्याहून कमी ठेवण्यात येते. देशातील पहिला खराखुरा अतिवेगवान मार्ग मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरांचा असून त्याचे बांधकाम सुरू आहे. तेथे ताशी ३२० किलोमीटर वेगाने गाडी धावावयाची आहे आणि मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार व बोईसर ही महाराष्ट्रातील स्थानके आहेत. मार्ग कोणताही असो, तपासणीचे शास्त्र एकच आहे. वेगाप्रमाणे त्याची काटेकोरी तेवढी वाढत जाते.

पायी तपासणी आणि तिच्या मर्यादा

लोहमार्गाच्या तपासणीचा मूळ आधार आजही पायी चालणारा माणूस आहे. की-मन या नावाने ओळखला जाणारा कर्मचारी आपल्या वाट्याचा पाच-सहा किलोमीटरांचा मार्ग दररोज चालून पाहतो. हातोडा, पाना, लाल व हिरवे निशाण आणि धोक्याची सूचना देणारे फटाके ही त्याची सामग्री. सैल झालेला चिमटा तो ठोकून बसवितो. रूळ तुटलेला आढळल्यास गाडी थांबविण्याचा अधिकार व कर्तव्य त्याचेच. त्याच्यावरचे निरीक्षक व अभियंते ठराविक काळाने ढकलगाडीतून, म्हणजेच ट्रॉलीवरून, तसेच गाडीच्या शेवटच्या डब्यातून वा इंजिनातून मार्ग पाहतात. अनुभवी निरीक्षकास डबा कोठे हेलकावला यावरून खालच्या मार्गातील दोष ओळखता येतो.

या पद्धतीचे मोल मोठे असले तरी तिला दोन स्वाभाविक मर्यादा आहेत. पहिली अशी की, चालणारा माणूस पाहतो तो भार नसलेला मार्ग. एखाद्या स्लीपरखालची खडी निघून गेली असेल तर तो स्लीपर रुळाला लटकून राहतो व वरून सर्व काही समपातळीत दिसते. गाडीचे चाक वर येताच मात्र तेथे खळगा पडतो आणि चाक पुढे जाताच रूळ पुन्हा वर येतो. दुसरी मर्यादा अशी की, रुळाच्या पोटात निर्माण होणारी चीर पृष्ठभागावर येईपर्यंत डोळ्यांस दिसत नाही. या दोन उणिवा भरून काढण्यासाठी यंत्रे आली.

तपासणी गाडी काय मोजते?

मार्ग तपासणी गाडी प्रत्यक्ष भार देत धावते आणि धावता धावताच मोजते. तिच्या मोजणीचे मुख्य विषय पाच आहेत. पहिला, दोन रुळांतील अंतर. आपल्याकडील रुंद मार्गावर ते १६७६ मिलिमीटर असते. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान मार्ग मात्र १४३५ मिलिमीटरचा आहे. अंतर वाढले तर चाक आत पडण्याची भीती असते, घटले तर चाक अडकू लागते. दुसरा, दोन रुळांच्या उंचीतील फरक. सरळ मार्गावर दोन्ही रूळ समपातळीत असावयास हवेत आणि वळणावर बाहेरचा रूळ ठरवून दिलेल्या प्रमाणात उंच. तिसरा, प्रत्येक रुळाचा चढउतार. चौथा, रुळाची डावी-उजवीकडील वक्रता. पाचवा विषय थोडा समजावून सांगावा लागेल. त्यास पीळ असे म्हणता येईल. खुर्चीच्या चार पायांपैकी एक आखूड असला तर ती डुगडुगते. त्याचप्रमाणे थोड्याशा अंतरात एका रुळाची पातळी दुसऱ्याच्या तुलनेत बदलली तर डब्याच्या चाकांपैकी एखाद्यावरचा भार हलका होतो. भार हलका झालेले चाक रुळावर चढून घसरू शकते. म्हणून पिळाकडे अभियंते विशेष लक्ष देतात.

या मोजण्या कशा होतात? जुन्या गाड्यांत रुळास टेकणाऱ्या चाकांद्वारे व तारांद्वारे कागदाच्या पट्टीवर रेषा उमटत असत. आता लेसर किरण व कॅमेरे रुळास स्पर्श न करता अंतर मोजतात. डब्याच्या खाली बसविलेले त्वरणमापक डबा किती व कोणत्या दिशेने हादरला याची नोंद ठेवतात आणि संगणक त्यावरून रुळाचा आकार काढतो. चाकाच्या फेऱ्यांवरून व उपग्रहाच्या साहाय्याने ही नोंद कोणत्या किलोमीटरवरची आहे हेही निश्चित होते. यात वेगाचे आव्हान किती असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे साडेतीस मीटर जाते. दर २५ सेंटिमीटरला एक नोंद घ्यावयाची ठरविली तर सेकंदास सुमारे १२२ नोंदी होतात. ताशी ३२० किलोमीटर वेगाला ही संख्या ३५५ च्या घरात जाते, आणि पाचही विषय दोन्ही रुळांसाठी एकाच वेळी मोजावयाचे असतात.

भारतीय रेल्वेत या गाड्यांचे शास्त्र लखनौ येथील संशोधन, अभिकल्प व मानके संघटनेने विकसित केले. १९५७ मध्ये स्थापन झालेली ही संघटना मोजणीच्या कसोट्याही ठरविते. ज्या मार्गावर वेग अधिक, त्या मार्गावर ही गाडी अधिक वेळा फिरविण्याचा दंडक आहे. अलीकडच्या वर्षांत मार्गाच्या आकाराबरोबरच रुळाची झीज, चिमट्यांची स्थिती आणि मार्गालगतचे अडथळे यांचीही चित्रे टिपणारी एकत्रित यंत्रणा गाड्यांवर बसविण्यास सुरुवात झाली आहे. याखेरीज एक छोटी सुटसुटीत पेटी नेहमीच्या प्रवासी गाडीच्या डब्यात ठेवूनही हादऱ्यांची नोंद घेतली जाते. आपण प्रवास करीत असलेल्या डब्यातच रुळांची परीक्षा चालू असते, हे बहुतेक प्रवाशांच्या ध्यानीही येत नाही.

रुळाच्या पोटातील चीर शोधण्याचे साधन वेगळे आहे. बाजारात माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारून आवाज ऐकतो. तडा असेल तर तो बद्द वाजतो. रुळाच्या बाबतीत माणसाच्या कानास ऐकू न येणाऱ्या अतिउच्च कंपनांच्या ध्वनिलहरी पोलादात सोडल्या जातात आणि त्यांचा प्रतिध्वनी तपासला जातो. लहर मध्येच चिरेवर आदळून परत आली की यंत्रास दोष कळतो. चिरा निरनिराळ्या दिशांच्या असल्याने लहरीही सरळ व तिरप्या अशा निरनिराळ्या कोनांतून सोडाव्या लागतात, आणि यंत्र व रूळ यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून पाण्याची धार चालू ठेवावी लागते. हे यंत्र माणसाने ढकलावयाच्या छोट्या गाड्यावरही बसविलेले असते आणि स्वयंचलित गाडीवरही.

इतर देशांतील अनुभव

अतिवेगवान रेल्वेचा प्रारंभ जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गाने केला. तेथील तपासणी गाडी पिवळ्या रंगाची असल्याने लोकांनी तिला ‘डॉक्टर यलो’ असे नाव दिले. सात डब्यांची ही गाडी ताशी २७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या रांगेतच, धावत रूळ व वरील विद्युत तारा दोन्ही तपासत असे आणि साधारण दहा दिवसांतून एकदा संपूर्ण मार्ग पाहत असे. तिच्या दोन संचांपैकी एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त करण्यात आला. यापुढे प्रवासी गाड्यांवरच मोजणीची साधने बसविण्याचे तेथील धोरण आहे. त्यामुळे दहा दिवसांऐवजी जवळजवळ रोजच मार्गाची नोंद मिळू शकेल. फ्रान्समध्ये २००६ पासून ताशी ३२० किलोमीटर वेगाने तपासणी करणारी गाडी कार्यरत झाली. तपासणीसाठी मार्ग अडवून ठेवावा लागू नये, हा या सर्वांमागील विचार आहे.

ब्रिटनचा अनुभव मात्र दुसऱ्या अंगाने बोधप्रद आहे. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे लंडनहून लीड्सला जाणारी जलद गाडी रुळाचे तुकडे तुकडे होऊन घसरली आणि चार प्रवासी मृत्यू पावले. चाकांच्या सततच्या घर्षणाने रुळाच्या कडेस बारीक चिरा पडल्या होत्या. विशेष म्हणजे रूळ खराब झाल्याचे आधीच कळलेले होते. बदलावयाचा नवा रूळही शेजारी आणून ठेवण्यात आला होता. तो बसविण्याचे काम तेवढे राहून गेले. त्यानंतर त्या देशाने २००३ मध्ये ताशी २०० किलोमीटर वेगाची नवी मोजणी गाडी आणली. परंतु हॅटफील्डचा खरा धडा गाडीपुरता नाही. दोष सापडणे आणि दोष दूर होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि अपघात घडतो तो या दोहोंमधल्या अवकाशात.

नोंदीनंतरचे काम

प्रशासनातील वाचकांस ही गोष्ट सहज पटेल. अहवाल कितीही अचूक असला तरी त्यावर कारवाई झाली नाही तर तो कागदच राहतो. तपासणी गाडीची नोंद हाती आल्यावर दोषांची वर्गवारी करावी लागते. काही ठिकाणी रूळ तत्काळ बदलावा लागतो, काही ठिकाणी देखरेख ठेवून वाट पाहता येते, काही ठिकाणी दुरुस्ती होईपर्यंत गाड्यांचा वेग कमी करावा लागतो. खडी दाबून मार्ग समपातळीत आणण्याचे काम आता टॅम्पिंग यंत्रे करतात. परंतु यंत्र रुळावर उभे राहावयाचे तर गाड्या थांबल्या पाहिजेत. वेळापत्रकात यासाठी काही तास राखून ठेवले जातात. त्यालाच आपण ब्लॉक म्हणतो.

ब्लॉक जाहीर झाला की प्रवाशांची गैरसोय होते. पेणहून वा रोह्याहून पनवेल-मुंबईकडे नोकरीसाठी, उपचारासाठी वा परीक्षेसाठी जाणाऱ्यांना त्याची झळ बसते, हे मान्य करावयास हवे. ब्लॉकची सूचना पुरेशी आधी व मराठीतून मिळावी, पर्यायी बसची सोय व्हावी, अशी मागणी रास्तच आहे. मात्र ब्लॉकच नको, ही मागणी योग्य नव्हे. गाड्यांची संख्या वाढत जाते तसतशी दुरुस्तीसाठी मोकळी वेळ घटत जाते, आणि नेमकी अशाच मार्गावर दुरुस्तीची गरज अधिक असते. ज्या दिवशी गाडी दोन तास उशिरा सुटली त्या दिवशी रुळांचे काय काम झाले, याची माहिती लोकांस मिळत गेली तर या विषयातील नाराजीचे बरेचसे निरसन होईल.

लोहमार्गाच्या कामात आणखी एक तत्त्व पाळले जाते. नवा मार्ग वा दुहेरीकरण झालेला भाग प्रवाशांसाठी खुला करण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्त त्याची पाहणी करतात आणि वेगाची चाचणी घेतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असतात. काम करणारा आणि काम तपासणारा एकाच छत्राखाली असू नये, हा त्यामागील हेतू आहे. ग्रामपंचायतीच्या बांधकामांनाही लागू पडावे असे हे तत्त्व आहे.

जे गाडीला दिसत नाही

तपासणी गाडी मार्गाचा त्या दिवसाचा हाल सांगते. दुसऱ्या दिवशी काय होईल हे ती सांगू शकत नाही. २२ जून २००३ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैभववाडीजवळ कारवार-मुंबई विशेष गाडी दरड कोसळल्याने घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ रोजी रायगड जिल्ह्यातच करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला रुळावर आलेल्या दगडांमुळे अपघात झाला. दोन्ही घटना जूनमधल्या, दोन्ही वेळी कारण डोंगरातून आलेले. रुळांची मोजणी आदल्या महिन्यात कितीही उत्तम निघाली असती तरी तिचा येथे उपयोग नव्हता. यानंतर कोकण रेल्वेने उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणे आणि पावसाळी वेळापत्रकानुसार गाड्या कमी वेगाने चालविणे यांवर भर दिला. भर पावसात कंदील वा विजेरी घेऊन कड्याखालून चालणारा गस्तवाला आणि लेसर किरणांनी मिलिमीटर मोजणारी गाडी हे एकाच व्यवस्थेचे दोन हात आहेत. एकामुळे दुसरा अनावश्यक ठरत नाही.

ग्रामपंचायती आणि शाळा यांचा वाटा

रेल्वे मार्गालगतच्या गावांचा या व्यवस्थेशी संबंध कोणता, असा प्रश्न विचारला जाईल. संबंध निकटचा आहे आणि तो मुख्यतः पाण्याचा आहे. लोहमार्गाच्या भरावाखालून मोऱ्या काढलेल्या असतात. वरच्या अंगास शेताचा बांध फिरविला, ओढ्यात राडारोडा टाकला, नव्या रस्त्याचा भराव करताना पाण्याची वाट बदलली किंवा प्लास्टिकने मोरी तुंबली, तर पाणी भरावास टेकून उभे राहते. आठवडाभर पाण्यात भिजलेला भराव खचतो आणि मग वर नमूद केलेला पीळ रुळांत येतो. म्हणून मृगापूर्वी ओढे-नाले साफ करण्याच्या कामात रेल्वेच्या मोऱ्यांच्या दोन्ही बाजूंचा समावेश ग्रामपंचायतींनी आवर्जून करावा. रेल्वेच्या हद्दीतील भाग रेल्वेकडून साफ होतो की नाही याची विचारणा लेखी करावी. मार्गालगत माती वा मुरूम काढण्यास, तसेच कड्याच्या माथ्यावर झाडतोड करण्यास, आळा घालावा.

दुसरा वाटा माहितीचा. गुराखी, शेतकरी, शाळेत जाणारी मुले यांच्या नजरेस रुळाजवळचा बदल कित्येकदा सर्वांच्या आधी येतो : भरावास पडलेली भेग, डोंगरातून सुटलेला दगड, खडी वाहून गेलेली जागा. अशी माहिती जवळच्या स्थानक अधीक्षकास, फाटकावरील कर्मचाऱ्यास किंवा रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर तत्काळ द्यावी. माहिती देताना जागा नेमकी सांगणे महत्त्वाचे असते. मार्गाचे विद्युतीकरण झाल्यामुळे प्रत्येक विद्युत खांबावर किलोमीटर व खांबाचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. दुरून वाचता येणारा तो क्रमांक सांगितला की स्थान निश्चित होते. रोह्याच्या अलीकडचा मार्ग मध्य रेल्वेचा व पलीकडचा कोकण रेल्वेचा असल्याने दोन्ही यंत्रणांचे संपर्क क्रमांक मार्गालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायत कार्यालयात आणि शाळेत फळ्यावर लिहिलेले असावेत. आपत्तीच्या रात्री क्रमांक शोधीत बसण्याची वेळ येऊ नये.

तिसरी गोष्ट शिस्तीची. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीस अपाय व्हावा या हेतूने रुळांवर अडथळा ठेवणे किंवा रुळाचे भाग काढणे हा तर जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र असा अपराध आहे. भंगाराच्या मोहाने काढलेल्या एका चिमट्याची किंमत काय पडू शकते, हे तरुणांस समजावून सांगितले पाहिजे.

शिक्षकांनी हा विषय वर्गातच, रुळांजवळ न जाता, शिकवावा. रूळ तापल्यावर किती वाढेल हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना सहज करता येते. बलाचे वेगाच्या वर्गाशी असलेले नाते दोरीस बांधलेला लहानसा चेंडू हळू व जलद फिरवून हातास जाणवून देता येते. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरून एसटीच्या प्रवासात पाहिली तर वळणावर व खड्ड्यात पाण्याची पातळी कशी हलते हे दिसते. तपासणी गाडीतील त्वरणमापक याच हालचालीची अतिसूक्ष्म नोंद घेतो. चांगला व तडा गेलेला असे दोन माठ वाजवून दाखविले तर न दिसणारी चीर आवाजाने कशी ओळखता येते याची कल्पना मुलांस येईल.

तपासणी गाड्या यापुढे अधिक वेगवान व अधिक चाणाक्ष होतील यात शंका नाही. मुंबई-अहमदाबाद मार्ग सुरू झाल्यावर आपल्या राज्यातही हे शास्त्र नव्या पातळीवर पोहोचेल. परंतु गाडी येऊन गेल्यानंतरचे दिवस मोजणीविना जातात. त्या दिवसांत रुळांची काळजी की-मनाची पावले, अभियंत्याने वेळेवर दिलेला दुरुस्तीचा आदेश आणि मार्गालगतच्या गावाची जागरूकता यांच्या भरवशावर असते. येत्या पावसाळ्यापूर्वी पेण आणि रोहा तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील रेल्वे मोऱ्यांची एक यादी करून त्यांची पाहणी केली, तरी या कामास चांगला आरंभ होईल.